मागे बघणारा मोसुके

मोसुके रंगाऱ्याची मान जन्मापासून वाकडी नव्हती. ती डावीकडे वळली ती हाचिमान देवाच्या उत्सवापायी, आणि एकदा वळली ती वळलीच. समोरच्याशी बोलायचं तर त्याला आधी सगळं अंग उजवीकडे फिरवावं लागे, तेव्हा कुठे डोळे माणसावर येत. नवीन गिऱ्हाइकाला वाटे, हा निघाला वाटतं. मग मोसुके ओरडे, "अहो, कुठे चाललात? तुमच्याकडेच बघतोय मी!"

त्याचं गाव बिवा सरोवराच्या काठचं. गाव लहान, पण उत्सवाची हौस दांडगी. शरद ऋतूत हाचिमानच्या देवळापुढे प्रत्येक आळी आपापलं सोंग घेऊन यायची. कोळ्यांच्या आळीचा कागदी देवमासा असे, सुतारांच्या आळीचं गलबत असे. रंगाऱ्यांच्या आळीकडे मात्र कोरियाच्या राजाच्या दूतांची मिरवणूक होती. खरे दूत एका पिढीत एखाद्या वेळी समुद्र ओलांडून यायचे आणि शोगुनाच्या भेटीला जायचे, पण ते मोठ्या रस्त्याने. त्यांनी या गावाकडे कधी ढुंकून पाहिलं नव्हतं, आणि आळीतल्या हयात माणसांपैकी कुणीही त्यांना पाहिलं नव्हतं. तरी त्यांच्या टोपीचं पीस कुठल्या बाजूला झुकतं हे आळीतलं शेंबडं पोरसुद्धा छातीठोक सांगायचं. कारण आळीकडे पट होता.

मोसुकेचा आजा तरुणपणी कापड पोचवायला ओसाकाला गेला असताना ती स्वारी त्याच्या डोळ्यांसमोरून गेली होती. येताना त्याने रस्त्यावरच्या एका चिताऱ्याकडून तिचा लांबच लांब पट आणला. गुंडाळला की काखेत मावायचा, उलगडला की देवळाची ओसरी पुरायची नाही. बाजेवाले, निशाणवाले, घोडे, पालख्या, दाढीवाले दूत, सगळे उजवीकडून डावीकडे चाललेले. आजाने आळीला सांगितलं, हे असंच होतं. तेव्हापासून हे असंच होऊ लागलं.

चितारी बहुधा घाईत असावा. पिछाडीच्या एका बाजेवाल्याचे गाल फुगवलेले होते, पण त्याच्या हातात शिंग काढायचं राहून गेलं होतं. एका घोड्याला तीनच पाय होते. आळीच्या मिरवणुकीत म्हणून हान्जी तोफूवाला रिकामे हात तोंडापुढे धरून देवळापर्यंत गाल फुगवत जायचा, आणि कापडी घोड्याच्या पोटातला मागचा माणूस लंगडी घालायचा. कुणी कुरकुरलं की मोसुके तिथल्या तिथे निकाल द्यायचा. "पटात आहे!" काही नवं सुचवलं तर, "पटात नाही!" या दोन वाक्यांवर त्याने तीस-एक उत्सव हाकले. पट सांभाळायचा मान त्याच्या घराचा, कपडे रंगवायचं काम त्याचं. दूतांच्या गळ्याभोवती कमळाच्या पानासारख्या झालरी असत. त्या तो स्वतःच्या हाताने चुणायचा आणि दुसऱ्या कुणाला बोट लावू द्यायचा नाही.

आणि पटात तो एक होता. निशाणवाल्यांतला एक. सगळे पुढे बघताहेत आणि हा गडी निशाण खांद्याला लावून चालता चालता डाव्या खांद्यावरून मागे बघतोय. का बघतोय ते ठाऊक नाही, कारण त्याच्या मागचा पटाचा तुकडा उंदरांनी कधीच खाल्ला होता. तिथे आजाने कोऱ्या कागदाचं ठिगळ लावलं होतं. आजा स्वतः उत्सवात मागे बघत चालला. मग बाप चालला. मग मोसुके.

कोवळ्या वयात त्याने बापाला विचारलंही होतं, "बाबा, मागे बघून बघायचं काय?"

"पटात आहे तसं बघायचं," बाप म्हणाला.

एवढ्या शिदोरीवर मोसुके आळीच्या तोंडापासून देवळाच्या पायऱ्यांपर्यंत दरवर्षी मागे बघत चालायचा. मागे दिसायचा हान्जी, गाल फुगवलेला. चालताना त्याने काय काय तुडवलं ते आळीला तोंडपाठ होतं. कुणाचं कुत्रं, शेवयांची गाडी, आणि गेल्या साली तर देवापुढे रचलेला भाताच्या वड्यांचा डोंगर. पुजाऱ्याने कपाळावर हात मारला होता.

त्याची बायको ओताकी अंगाने भरलेली आणि तोंडाने त्याहून. "लग्नात मी यांच्या उजवीकडे बसले होते," ती विहिरीवर सांगायची. "सगळा विधी होईपर्यंत यांची मान दाराकडे! मला वाटलं नवरा पळून जायच्या बेतात आहे. नंतर कळलं, उत्सव नुकताच झाला होता." घरातही चुलीशी तिची जागा त्याच्या उजवीकडेच. तो जेवताना भिंतीवरच्या पालीशी बोलतो, असं तिचं म्हणणं होतं. पण उत्सवानंतर गरम मिठाची पुरचुंडी करून तीच त्याची मान शेकायची, आणि शेकताना जिभेला विसावा द्यायची नाही.

त्या वर्षी वड्यांच्या डोंगराचं प्रकरण आळीच्या बैठकीत निघालं. आळीचे प्रमुख कान्झाएमोन, साके म्हणजे भाताची दारू विकणारे, पोक्त माणूस. ते हळूच म्हणाले, "मोसुके, यंदा सरळ चाललास तर?"

"पटात नाही!"

"अरे पण तो पटातला माणूस मागे कशाला बघेल? चितारी चुकला असेल. शिंग नाही का विसरला?"

मोसुकेने अंग फिरवून त्यांना डोळ्यांसमोर आणलं. "माझा आजा खोटं बोलला म्हणता?"

"तसं नव्हे रे..."

"खरे दूत या रस्त्याने येऊ देत एकदा! त्यांच्यात मागे बघणारा निघाला नाही, तर माझा निशाणवाल्याचा झगा उतरवून ठेवीन. आमच्या घरात पुन्हा कुणी अंगात घालणार नाही."

असं बोलायला माणसाला काय जातं? मोठा रस्ता एक दिवसाच्या वाटेवर, आणि दूत येणार पिढीतून एकदा. हान्जीने सगळ्यांसमोर टाळी घेतली. कान्झाएमोननी मान डोलावली. मोसुके घरी जाऊन मुळ्याचं लोणचं आणि भात पोटभर जेवला.

पुढच्याच उन्हाळ्यात दूत आले, आणि ते मोठ्या रस्त्यावर असताना पाऊस असा कोसळला की नदीवर होड्या जोडून बांधलेला पूल वाहून गेला. किल्ल्यावरून हुकूम सुटला. स्वारी आडवाटेने, मोसुकेच्या गावातून जाणार.

आळीच्या आनंदाला पारावार राहिला नाही. मोसुकेच्या तोंडचं मात्र पाणी पळालं. तो देवघराखालची पेटी काढून पट उलगडून बसे आणि त्या निशाणवाल्याकडे टक लावून बघे. पण तो मागे बघणारा गडी पट सोडून मोसुकेकडे थोडाच बघणार होता!

"अहो, त्याला काय विचारताय?" ओताकी म्हणाली. "तो तुमच्याकडे पाठ करून बसलाय."

"तू गप्प बैस."

"झगा गेला तर जाऊ दे की. मान तरी सरळ होईल."

नेहमी असं काही म्हटलं की मोसुके तावातावाने उठायचा. या खेपेला त्याने पट गुंडाळला आणि पेटीत ठेवला, आणि पेटीवर हात ठेवून तसाच बसून राहिला. ओताकीने ते पाहिलं. इतक्या वर्षांत तिला पहिल्यांदाच पुढचा टोमणा सुचला नाही.

स्वारीच्या दिवसाचे हुकूम कडक होते. रस्ता झाडून वाळू टाकायची. कुत्री-मांजरं बांधून ठेवायची. माडीवरून कुणी बघायचं नाही. पुरुषांनी रस्त्याच्या एका बाजूला गुडघे टेकून बसायचं, बायकांनी दुसऱ्या बाजूला बांबूच्या चिकाच्या पडद्यामागे. बोट दाखवायचं नाही, हसायचं नाही, आणि चकार शब्द काढायचा नाही. सोबतच्या सामुराईंना चहा द्यायचं काम रंगाऱ्यांच्या आळीकडे आलं होतं. म्हणून चिकाच्या टोकाला भल्यामोठ्या लोखंडी किटलीपाशी ओताकी उभी होती. सगळ्या बायकांत उभी अशी ती एकटीच.

मोसुके समोर पहिल्या रांगेत बसला होता. त्याला मुद्दामच पुढे बसवलं होतं. हान्जी त्याच्या शेजारी.

आधी वाजंत्री ऐकू आली. मग वळणावरून बाजेवाले आले. प्रत्येकाच्या हातात शिंग होतं. हान्जीने कोपराने मोसुकेला ढोसलं. मग घोडे आले आणि त्यांना चार चार पाय होते. आळीभर कोपरं चालू लागली, कारण तोंडं बंद ठेवायचा हुकूम होता. मग मोठे दूत आले पालख्यांत, आणि त्यांच्या गळ्याभोवती एकही झालर नव्हती. साधे सरळ गळपट्टे. ज्या झालरी चुणण्यात मोसुकेने डोळे फोडले, त्या या लोकांनी कधी बघितल्याही नसाव्यात. माणसंही कशी, तर चिखलाने भरलेली, पावसाने भिजून वाळलेली, कंटाळलेली. एका दाढीवाल्याला तर चक्क डुलकी लागली होती.

शेवटी निशाणवाले आले. मोसुकेने श्वास धरला.

पहिला गेला, पुढे बघत. त्याच्या मागचा गेला, पुढे बघत. एकामागून एक जात राहिले, दमलेल्या माणसासारखी नजर पुढच्याच्या टाचेवर ठेवून. असा नुसता रस्ता तुडवणारा माणूस मागे कशाला बघेल? शेवटचा निशाणवाला आला. ढेंगाळ्या, तरणा, खांद्यावर ओलं निशाण. तो मोसुकेच्या समोरून गेला. पुढे बघत. कान्झाएमोननी खाली बघितलं. हान्जीने या वेळी कोपर मारलं नाही, त्यालाही दया आली.

तीन पिढ्यांचा मूर्खपणा आपल्या एका मानेत गोळा झालाय असं मोसुकेला वाटलं. झगा कुठे ठेवायचा याचा विचार तो करू लागला.

"खण्ण्ण्!"

किटलीचं झाकण दगडावर पडलं होतं. साधंसुधं पडलं नव्हतं. उडालं, पुन्हा आपटलं, आणि गोल गोल फिरत असं नादत राहिलं की पुढे पेंगणारा दाढीवाला पालखीत दचकून उठला.

आणि त्या ढेंगाळ्या निशाणवाल्याने मागे बघितलं. खांदा पुढे, निशाण तसंच, हनुवटी डाव्या खांद्यावर. हुबेहूब. चिकाच्या टोकाला उभी असलेली एक जाडजूड बाई एक हात तोंडावर दाबून त्याच्याकडे बघत होती, आणि हुकूम मोडून हसत होती. तोही हसला. घर सोडून महिनोन्‌महिने झालेल्या माणसाला भांडं पडल्याच्या आवाजाने काय आठवतं ते त्याचं त्याला ठाऊक. पण मान त्याने पुढे वळवली नाही. तसाच चालत राहिला, एकदा ठेचकाळला, आणि वळणाआड जाईपर्यंत मागेच बघत राहिला.

सोबतचा एक सामुराई तरातरा आला. "कोणाचा आवाज तो?"

कान्झाएमोननी कपाळ वाळूला टेकवलं. "सरकार, किटली जुनी आहे."

सामुराईने किटलीकडे बघितलं, ओताकीकडे बघितलं. तोही सकाळपासून चिखल तुडवत होता. "चहा आहे का अजून?" त्याने विचारलं. दोन वाट्या चहा घेतला आणि गेला.

त्यानंतर आळीत जो कल्ला झाला त्यात मोसुकेचा आवाज सगळ्यांत वर होता. "बघितलंत? बघितलंत ना? हनुवटी मात्र तो जरा उंच धरतो. मी खाली धरत होतो. सुधारलं पाहिजे." बाकीचे एकमेकांकडे बघत होते. झाकण आधी पडलं आणि मान मग वळली हे सगळ्यांनी पाहिलं होतं. हान्जीने तोंड उघडलं होतं, पण कान्झाएमोननी त्याच्या पायावर पाय दिला.

मोसुके वेंधळा होता, बहिरा नव्हता. संध्याकाळी जेवायला बसल्यावर त्याने किटलीचं झाकण हातात घेतलं. त्याची कड चेपली होती.

"निसटलं?" त्याने विचारलं.

"निसटलं," ओताकी चुलीत फुंकर घालत म्हणाली.

"लग्न झाल्यापासून तुझ्या हातून साधी चहाची वाटी निसटली नाही."

"मग आज निसटलं. हात ओला होता."

"पकडून नेलं असतं तुला."

"नेलं असतं तर नेलं असतं. तुम्ही मागे वळून बघितलं असतंत ना?"

मोसुके उठला, आपलं आसन उचललं, आणि चुलीच्या पलीकडच्या बाजूला नेऊन टाकलं. आता ओताकी त्याच्या डावीकडे आली. "सरका जरा, धूर येतो तिथे," ती म्हणाली. तो सरकला नाही.

पुढे काही दिवसांनी त्याने भर दुपारी पट उलगडला, कोऱ्या ठिगळापाशी आला, आणि वाटीत गडद नीळ कालवली. ज्या पटावर त्याने आयुष्यात माशी बसू दिली नव्हती, त्यावर त्याने स्वतः कुंचला टेकवला. लग्नाच्या कापडावर बगळे आणि कासवं काढण्यापलीकडे त्याची चित्रकला गेली नव्हती. त्यामुळे बाई निघाली ती कासवाच्या अंगाची आणि बगळ्याच्या मानेची. हातातलं झाकण मात्र झाकणासारखं झालं.

ओताकीने खांद्यावरून डोकावून बघितलं. "मी एवढी रुंद आहे?"

"पटात आहे," मोसुके म्हणाला.

उत्सवाच्या आदल्या दिवशी रिवाजाप्रमाणे आळी पट बघायला जमली. झालरींचा विषय निघाला, तेव्हा मोसुकेच म्हणाला की खऱ्या दूतांना बिचाऱ्यांना कुणी झालरी करून देणारं नसेल. खरी स्वारी बघितल्यावर हान्जीला शिंग मिळालं होतं, आणि ते तो असं वाजवायचा की रिकाम्या हाताचे दिवस आठवून आळी हळहळायची. उलगडता उलगडता पट ठिगळापाशी आला. सगळे थांबले.

"मोसुके," कान्झाएमोन म्हणाले, "ही कोण?"

"ही? पटात आहे."

कान्झाएमोन वाकले. निळीचा वास ताजा होता. त्यांनी ओताकीकडे बघितलं. ती छताकडे बघत होती. "आहे खरी," ते म्हणाले. "नजर अधू झाली माझी. इतकी वर्षं दिसलीच नाही."

"बारीक होती तेव्हा," हान्जी म्हणाला, आणि ओताकीने त्याला हातातल्या फडक्याने झोडपलं.

"मग झाकण वाजवायला कुणीतरी हवं," कान्झाएमोन म्हणाले. "पटात आहे म्हणजे हवंच."

तेव्हापासून आळीची मिरवणूक निघाली की ओताकी आळीच्या तोंडाशी उभी राहून चेपलेलं झाकण दगडावर आपटायची, आणि मोसुके मागे बघायचा. मागे हान्जी असायचाच, पण आता त्याच्या खांद्यावरून पलीकडेही काही दिसायचं. तुडवायचा तो अजूनही सगळं तुडवायचाच.

म्हातारपणी निशाण त्याने घरजावयाला दिलं. त्याचं नाव रिहेई, पोरगा हुशार पण शंकेखोर. तालमीत तो म्हणाला, "मामंजी, एक विचारू का? मागे बघून बघायचं काय?"

मोसुकेने तोंड उघडलं. बापाचं उत्तर जिभेवर आयतंच होतं. मग त्याने ते गिळलं आणि म्हणाला, "बायको दिसते का ते बघायचं."

"आणि नाही दिसली तर?"

"तर थांबायचं. मिरवणूक जाऊ दे पुढे."

रिहेईला वाटलं, सासरा थट्टा करतोय. असं तर पटात नाही. पण सांगितलेलं ऐकायची त्याला सवय होती. उत्सवाच्या दिवशी ओताकी आणि मोसुके आळीच्या तोंडाशी आपल्या घराच्या पायरीवर बसले होते. झाकण आता त्यांच्या लेकीच्या, ओनुईच्या हातात द्यायचं होतं. बाजे वाजले, दूत निघाले, निशाणवाले निघाले. रिहेईने मागे बघितलं. ओनुई नव्हती, घरात तिचा भात उतू गेला होता. रिहेई रस्त्याच्या मधोमध थांबला. पुढची मिरवणूक पुढे गेली, मागची त्याच्यावर येऊन आदळली. म्हाताऱ्या हान्जीचं शिंग भलत्याच सुरात ओरडलं, आणि घोड्याच्या पोटातून शिव्या ऐकू आल्या.

"अहो, काय सांगून ठेवलंत त्या पोराला?" ओताकी म्हणाली. "अगं ए ओनुई! ये लवकर, देव खोळंबलाय!" आणि तिने स्वतःच झाकण उचलून पायरीवर आपटलं.

मोसुके रस्त्याकडे बघत नव्हता. त्याची मान डावीकडे होती, आणि डावीकडे ओताकी बसली होती.